कधीमधीची पेटी

शनिवार उजाडला की हणमंत उतेकराच्या घरात दुपारपासूनच धावपळ सुरू व्हायची. मालनला आंघोळ घालायची, म्हणजे आधी आंघोळीला राजी करायचं. मग तिचे केस विंचरायचे, म्हणजे आधी फणी शोधायची, कारण फणी ती कधी पिठाच्या डब्यात तर कधी उशीच्या अभ्र्यात ठेवून द्यायची. मग धुतलेली साडी. बायकोला साडी नेसवायला हणमंत उतारवयात शिकला होता, निऱ्या मात्र अजून वाकड्याच पडत. एवढं सगळं उरकून संध्याकाळी दोघं लेकीशी बोलायच्या पेटीपुढे, तिच्या पडद्यासमोर बसली की तो मिशीवरून एकदा हात फिरवायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, आज तरी पोरीला दिसेल.

काय दिसेल ते त्याने कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. लांब दिलेल्या लेकीच्या जिवाला घोर लावू नये, ही उतेकरांच्या घरातली रीतच होती. त्याच्या आईने मरणाच्या आदल्या दिवशी मुंबईतल्या मुलीला ‘मी मजेत आहे’ असा निरोप धाडला होता. पण सांगायचं नसलं तरी चेहरा आहे की नाही? चेहरा बघून माणसाला कळू नये? मालनला हळूहळू सगळ्याचा विसर पडत चालला होता. घर, चूल, नवरा, एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत होती. रात्रीतून ती उठून दार उघडायची, त्यामुळे हणमंतच्या डोळ्याला धड डोळा लागत नव्हता. गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं साचलं होतं, उरलेले केस पांढरेफटक झाले होते. अशा अवतारात बाप दर शनिवारी समोर येऊन बसतो आणि लेक हसून गप्पा मारून निघून जाते, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. आता तर थोडा रागही यायला लागला होता.

पेटी उजळली. बडोद्याहून मयूरी नेहमीसारखी एका दमात म्हणाली, “हं आबा, जेवलात का? आई, कशी आहेस गं?”

मालनने टाळी वाजवली. आठवडाभर नवऱ्याला ‘अवो पाव्हणं’ म्हणून हाक मारणारी ही बाई पेटीत लेक दिसली की अशी उमलून यायची. “मयू! आली माझी मयू!”

“आमचं ब्येस चाललंय,” हणमंत म्हणाला. “तू बी ब्येस दिसतीयास.”

खरंच दिसत होती. गुबरे गाल, काळेभोर केस, हसताना बारीक होणारे डोळे. माणूस सुखात असला की असा दिसतो, हणमंतला वाटलं. मागे एकदा त्याने मन घट्ट करून म्हणून पाहिलं होतं, “जरा दमायला हुतं गं आता.” तेव्हा ती खळखळून हसली होती. “तुम्ही आणि दमताय? अजून चार डोंगर चढाल आबा!” ते हसणं त्याच्या काळजाला लागलं होतं. त्यानंतर तो शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

“इकडे लाइट गेलीय आबा,” मयूरी सांगत होती. “दुपारपासून नाही. मेणबत्ती लावून बसलेय, पेटी तेवढी बॅटरीवर.”

“असू दे, यील,” हणमंत म्हणाला. आणि म्हणता म्हणता थबकला.

मयूरीच्या डाव्या गालावर ऊन पडलं होतं. खिडकीतून तिरपं येणारं, उतरत्या दुपारचं, पिवळसर ऊन.

हणमंतने आयुष्यभर फोटो काढले होते. मेढ्याच्या बाजारपेठेत ‘मयूरी फोटो स्टुडिओ’ अशी त्याची पाटी होती, लेकीच्या नावाची. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला तसा धंदा बसला, आणि तो मालनला घेऊन कोयनेच्या पाण्यापलीकडच्या आपल्या वाडीत परत आला. पण नजर कुठे जाते? फोटो बघून तो कोणत्या प्रहराचा आहे हे त्याला सांगता यायचं. बाहेर थंडीतली संध्याकाळ, दिवेलागण होऊन गेलेली, पोरीच्या घरात लाइट नाही, आणि गालावर ऊन? मेणबत्तीचा उजेड खालून येतो, हलतो. हा तर जागचा हलत नव्हता.

मग त्याला आठवलं, मागच्या शनिवारीही ऊन इथेच होतं. आणि पावसाळ्यात, आभाळ महिनाभर उघडलं नव्हतं तेव्हाही.

“बोला ना आबा,” मयूरी हसून म्हणाली.

“काय न्हाई,” तो म्हणाला. त्या रात्री मालन शांत झोपली तरी तो जागाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मालनला घेऊन लाँचमध्ये बसला. तिला एकटं टाकणं शक्यच नव्हतं. लाँच सुटली तशी ती शेजारच्या बायांना सांगू लागली, “मयूकडं निघालेय, बडोद्याला.” बाया ‘हो का’ म्हणाल्या. त्यांना सवय होती.

पलीकडच्या धक्क्यावर सेवा केंद्र होतं आणि त्यात सुलभा सपकाळ. खोऱ्यातल्या सगळ्या पेट्या तिनेच बसवल्या होत्या. जंगल राखीव, त्यामुळे खोऱ्यात टॉवर उभा राहायचा प्रश्नच नव्हता. उपग्रहाची पुरी जोडणी पर्यटकांच्या बंगल्यांना परवडायची. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ती घेऊन करायचं काय? त्यांना आठवड्यातून एकदा पोराबाळांशी बोलायचं, कधी एखादा दाखला काढायचा, एवढंच. अशांसाठी कंपनीने ‘कधीमधी’ नावाची योजना काढली होती. वर्षाला उपग्रहाच्या जोडणीचा थोडासा वाटा मिळायचा, आणि तोही वर्ष सरताना बहुतेकांचा शिल्लकच राहायचा. कुणाचा किती शिल्लक राहिला यावरून धक्क्यावर फुशारक्या मारल्या जात. हणमंतही मारायचा.

“सुलभाबाई, माझ्या पोरीच्या गालावर ऊन कसलं पडतंय?” त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

सुलभाने मालनला बाकावर बसवलं, हातात लिमलेटची गोळी दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तात्या, पेटी घेताना म्या सांगितलं हुतं. तुमी म्हनला, बोलनं हुतंय न्हवं, मग बास.”

“आता परत सांग.”

“हे बघा. पुऱ्या जोडणीत समदं जातं. तुमचं तोंड, आवाज, मागची भिंत, हलनारी मान. दर क्षणाला नवं. म्हनून ती महाग. कधीमधीत तसं करत न्हाईत. पेटी बसवली तवा पयले आठ दिस ती तुमास्नी नुसतं बघत हुती, आठवतंय? तुमी कसं हसता, कसं बोलता, समदं शिकून घेतलं. त्याचीच एक नक्कल बडोद्याच्या पेटीत ठिवली. अन मयूताईची नक्कल तुमच्या पेटीत. आता तुमी बोलला की शब्द तेवढे जात्यात. शब्दाला वजन न्हाई. तोंड तिथली पेटी तिथंच काढती, आवाज तिथंच घालती.”

“म्हंजी कालचीच भाजी गरम करून वाढायची.”

“व्हय. वरची कोथमीर तेवढी ताजी.”

“अन मानूस बदलला तर?”

“तर पेटी फरक बघती. मोठा फरक असला तर धाडती. बारका असला तर म्हनती, एवढ्यापायी कशाला वाटा खर्च करायचा. सोडून देती.”

“म्या तर पार बदललोय. बघ की माझ्याकडं.”

सुलभाने बघितलं. “तात्या, ती मागच्या शनवाराशी ताडून बघती. मागच्या शनवारापास्नं ह्या शनवारापातूर मानूस किती बदलनार? दर खेपंला जरासा. तेवढा सोडून द्यायचाच फरक.”

हणमंतला एकदम उमजलं. उपग्रह व्यवस्थित, पेटी व्यवस्थित, नियमही व्यवस्थित. माणूस तीळतीळ झिजतो आणि पेटी दर वेळचा तीळ सोडून देते. तिकडे बडोद्यात पहिल्या आठ दिवसांतला हणमंत दर शनिवारी ताजातवाना होऊन बसतो आणि ‘जरा दमायला होतं’ हे टेचात, मिशीत हसत म्हणतो. पोर हसेल नाही तर काय करेल?

“म्हंजी माझे केस एका राती पिकले असते तर तिला दिसलं असतं,” तो म्हणाला.

“दिसलं असतं.”

तो हसला. मग बाकावर मालनशेजारी मटकन बसला. त्याला मेढ्यातली एक गोष्ट आठवत होती. एक बाई मयत सासूचा फोटो घेऊन आली होती, फ्रेम करायला. म्हातारीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. हणमंतने रात्रभर बसून एकेक व्रण पुसला, चेहरा कसा लोण्यासारखा केला. बाई फोटो बघून म्हणाली, “ह्या आमच्या आत्याबाई न्हाईतच.” तेव्हा त्याला ती बाई किरकिरी वाटली होती. कोट नसलेल्याला कोट घाल, सावळ्याला गोरं कर, हेच तर लोक मागायचे. चांगलं करून दिलेलं कुणाला नको असतं, असं त्याला वाटायचं.

“खरं तोंड दिसल असं काय हाय का तुझ्याकडं?” त्याने विचारलं.

“उघडी जोडणी हाय. पन वर्साचा वाटा एका बैठकीत संपंल. पुढल्या सालापातूर मग बोलनं न्हाई.”

“अन पेटी?”

“पेटी बंद पडत न्हाई. ‘जेवलात का, कशी हाईस’ एवढी इचारपूस ती आपल्या मनानं करतच ऱ्हाती. वाटा नसला तरी. म्हाताऱ्या मानसांस्नी काळा पडदा बघवत न्हाई, म्हनून कंपनीनं तशी सोय ठिवलीय.”

विचारपूससुद्धा पेटीचीच. हणमंतने मान डोलावली. आता कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. मालनला अजून मयू ओळखू येते. हे एक नाव तेवढं तिच्याकडे उरलं होतं. तेही जायच्या आत पोरीने एकदा आईला बघून जावं, आणि बापाला चार रात्री झोपू द्यावं. ते तिला शब्दांत सांगितलं असतं तरी पेटीने हसऱ्या आवाजात सांगितलं असतं.

“शनवारी उघड,” तो म्हणाला.

त्या शनिवारी मालनला त्याने जरा जास्तच नीट तयार केलं, गजरासुद्धा माळला. पेटी नेहमीसारखी चटकन उजळली नाही. बराच वेळ काळीच राहिली. विचारपूसही नाही. मग पडद्यावर आडवे पट्टे आले आणि त्यातून हळूहळू एक बाई उमटली.

हणमंतला वाटलं, जोडणी चुकली. समोर त्याची स्वतःची आई बसली होती, शेवटच्या वर्षातली. भांगात पांढरं, गाल आत गेलेले, खांद्यावरून घसरलेला ओढणीचा शेव, आणि डोळ्यांखाली काळं. मागे ती नेहमीची उन्हाची खिडकी नव्हती. औषधांच्या बाटल्यांचं फडताळ होतं, एक पलंग होता आणि पलंगावर कुणाची तरी सुकलेली पावलं.

“आबा?” ती बाई म्हणाली.

दोघं नुसती बघत राहिली. वर्षाचा वाटा भराभर जळत होता.

“आबा, तुम्ही आजारी होता?” मयूरीने शेवटी विचारलं. आवाज घोगरा, तळातून ओढून आणल्यासारखा.

“न्हाई गं. तू?”

“नाही. सासूबाई पडून आहेत. दोन वर्षं होतील. अर्धं अंग गेलंय. सगळं जागेवर करावं लागतं.” ती थांबली. “झोप नाही आबा.”

“मला बोलली न्हाईस?”

“तुम्हाला कशाला घोर लावायचा?” आणि मग तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. “तोंड तर दाखवत होते ना दर शनिवारी! वाटायचं, आबा फोटोवाले, माणसाचं तोंड बघून त्यांना सगळं कळतं. आज विचारतील, उद्या विचारतील. आणि तुम्ही आपले दर वेळी, ‘ब्येस दिसतीयास.’ मला इतका राग यायचा तुमचा.”

“मला बी तुझा,” हणमंत म्हणाला. हसावं की रडावं कळत नव्हतं. एकाच रीतीत वाढलेली दोन माणसं, दोघांनी गप्प बसून एकमेकांवर रुसायचं आणि मधल्या मध्ये पेटीने दोघांना गोजिरवाणं करून दाखवायचं.

“आईला काय झालंय?” मयूरी पुढे वाकली. “आबा, आई अशी का बघतेय?”

मालनने पदर तोंडाशी धरला होता. ती पडद्यापासून मागे सरकत होती.

“ही कोन बाई?” तिने हळूच हणमंतला विचारलं.

“आगं, मयू हाय. तुझी मयू.”

“ही न्हवं.” मालनने ठाम मान हलवली. “माझी मयू मला ठावं हाय. दर शनवारी येती ती. ही कोन दुसरीच हाय. हिला जायाला सांगा.”

मयूरीने ओठ घट्ट मिटले. पडदा थरथरायला लागला, कोपऱ्यात वाटा संपत आल्याचा लाल ठिपका दिसू लागला.

“पोरी, म्या लई दमलोय,” हणमंत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते रडक्या आवाजात म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते जसंच्या तसं पोचलं.

“दिसतंय आबा,” मयूरी म्हणाली. “येते मी.” आणि पडदा विझला.

नणंदेला बडोद्याला बोलावून, तिच्या हाती सासूला सोपवून मयूरी आली. वाडीच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना तिच्या हातात एकच पिशवी होती. मालनजवळ शेजारीण बसवून आलेल्या हणमंतने ती घ्यायला हात पुढे केला आणि तिने बापाला घेऊ दिली नाही. दोघंही चढण चढताना तीनदा बसली.

मालनने परक्या पाहुणीला म्हणतात तसं “या, बसा” म्हटलं. पाणी आणून दिलं. “कुन्या गावच्या म्हनायच्या?”

“बडोद्याची,” मयूरी म्हणाली.

“आगं बया! आमची मयू बी तिकडंच हाय.”

दोन दिवस मयूरी आईला आठवणी सांगत राहिली. स्टुडिओतला झोपाळा, शाळेचं गॅदरिंग, वाण्याच्या दुकानातलं बोरकूट. मालन कौतुकाने ऐकायची आणि म्हणायची, “तुमास्नी बरंच ठावं हाय आमच्या मयूचं.” तिसऱ्या दिवशी मयूरीने नाद सोडला. पण एक गोष्ट घडली. ‘बाई’ म्हणेल ते मालन मुकाट्याने ऐकायला लागली. आंघोळीला कुरकुर नाही, जेवताना थुंकणं नाही. रात्री उठली तर मयूरी तिला धरून परत आणायची. हणमंत ओसरीवर झोपला. पहिल्या दिवशी तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत झोपला, आणि उठल्यावर कुणी काही बोललं नाही म्हणून पुन्हा झोपला.

शनिवार आला. हणमंतने पेटीवर कापड टाकून ठेवलं होतं. वाटा संपला होता, बोलणार कोण? पण मालनची आंघोळ झाली, धुतलेली साडी अंगावर आली, बाईने केस मोकळे करून तेल घातलं, तशी आतून कुठून तरी तिला वाराची खूण पटली. ती जाऊन पेटीपुढे बसली.

“मयू यायची येळ झाली,” ती म्हणाली.

हणमंत उठला आणि पेटीची वायर उपटायला भिंतीकडे गेला. मालनमागे फणी घेऊन बसलेल्या मयूरीने मान हलवली. “राहू द्या आबा.”

“आगं, खोटं हाय ते.”

“तिला तेवढीच ओळखीची आहे.”

हणमंतने कापड काढलं. पेटी उजळली. पलीकडे कुणी नव्हतं, उपग्रहावरून एक अक्षर उतरत नव्हतं, तरी गुबऱ्या गालांची, काळ्याभोर केसांची मयूरी गालावर ऊन घेऊन हसली. “हं आबा, जेवलात का? आई, कशी आहेस गं?”

“मयू!” मालनने टाळी वाजवली. “झ्याक हाय म्या. आगं, हितं एक बाई आल्यात. लई मायाळू. मला न्हाऊ घालत्यात, येनी घालत्यात. तुझ्या बाला बी झोपाय मिळतंय आता.”

मयूरीचा हात आईच्या केसांत थांबला. पडद्यावरची मयूरी हसत होती. मागे बसलेली तिच्याकडे बघत होती. आपण अशा होतो, हे तीही विसरूनच गेली होती.

“तू नगंस येऊ यवढ्या लांबनं,” मालन पडद्याला समजावत होती. “तुझा संसार हाय. दगदग नगं. ही बाई हाय न्हवं.”

“काळजी घे हं आई,” पेटी म्हणाली.

“थांबला का वं बाई?” मालनने मागे न बघता विचारलं.

“नाही आई,” मयूरी म्हणाली आणि पुन्हा वेणी घालू लागली.

मालन पडद्याकडे झुकली, आणि लेकीच्या कानात सांगावं तसं हळूच, अभिमानाने म्हणाली, “बघितलंस? ही बी मला आईच म्हनती.”